मनुबाईच्या तेवीस दोऱ्या

कल्याणच्या खाडीला भरती आली की पाणी रस्त्याच्या कडेला येऊन टेकतं, आणि ओहोटी लागली की होड्यांना चिखलात कुशीवर निजवून निघून जातं. त्या काठाला कोळ्यांची पन्नास-साठ घरं आहेत आणि घरांच्या मागे पालिकेचा मासळीबाजार. वर कौलं, खाली दगडी ओट्यांच्या दोन रांगा, दोन्ही रांगा भिंतीला पाठ लावून. प्रत्येक ओट्यामागे भिंतीत एक लोखंडी खुंटी. ओटे चाळीस, खुंट्याही चाळीस.

त्या बाजारात खुंटीला ओट्याइतकाच मान होता. विक्री संपली की बाई आपली मासळीची पाटी धुवायची आणि मागच्या खुंटीला लावायची. मांजराचं तोंड पोचू नये आणि वारा लागून पाटी सुकावी, म्हणून खुंटी उंचावर. पण तेवढ्यावर ती गोष्ट संपत नव्हती. खुंटीला लावलेली पाटी म्हणजे बाई उद्या येणार, हा निरोप होता. पाटी डोक्यावर चढवायला दुसरीचा हात लागतो. तो कुणीही मागावा, कुणीही द्यावा. खुंटीला पाटी मात्र जिची तिनेच लावायची. एखादीच्या घरी मयत झालं तरच शेजारीण तेवढ्या दिवसांपुरती तिची पाटी लावत असे. म्हणून धडधाकट बाईची पाटी दुसरीने लावली, तर ते चांगलं मानत नसत.

डाव्या रांगेतला सातवा ओटा मनुबाई तांडेलचा. सासूच्या मागे तो तिच्याकडे आला तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. अंगाने उंच, आवाजाने त्याहून उंच. गिऱ्हाईक बाजाराच्या दारात असतानाच ती त्याला नावाने हाक मारायची, आणि तो दुसऱ्या ओट्याकडे वळला तर त्याच्या आजारी सासूची चौकशी करून त्याला परत फिरवायची. तिचा नवरा गोमाजी खाडीत जाळं टाकायचा. पुढे खाडीतली मासळी कमी झाली, मुंबईच्या धक्क्यावरून बर्फातली मासळी टेम्पोने येऊ लागली, तसा गोमाजी होडी काठाला लावून लोकांची जाळी दुरुस्त करीत घरीच बसला. तो फार बोलत नसे. त्याच्या वाटचं मनुबाई बोलायची.

शहाऐंशी साली पालिकेने बाजाराची दुरुस्ती केली. कौलं बदलली, खालची फरशी नवी घातली, भिंतींना चुना दिला. चाळीस ओट्यांच्या बाया दोन महिने रस्त्याकडेला बसून धंदा करीत होत्या. परत आत आल्या तेव्हा बाजार लखलखीत झाला होता. सगळ्या खूश होत्या. मग वर्ष-दीड वर्षात कुरबूर सुरू झाली.

पहिली बोलली ती जनी. आठव्या ओट्यावरची, मनुबाईची शेजारीण, वयाने दहा-अकरा वर्षांनी मोठी. एके दुपारी तिने धुतलेली पाटी दोन्ही हातांनी वर नेली. पाटीची कड खुंटीच्या खाली भिंतीवर घासली. तिने टाचा उचलल्या. परत घासली. मग पाटी खाली ठेवून ती म्हणाली, “मेल्यांनी खुंट्या वर नेल्यान.”

“कोणी?” मनुबाईने विचारलं.

“चुना मारनारे आलेले ना. काढल्यान आनि परत मारताना वर मारल्यान. त्यांचे बापाला लावायची हाय काय पाटी?”

एकीने म्हटलं आणि आणखी अकरा जणींना पटलं. या बारा जणी म्हणजे बाजारातल्या सगळ्यात जुन्या. ज्यांना पोचत होतं त्या तरण्या बायांना काहीच वाटत नव्हतं. म्हाताऱ्या म्हणायच्या, तुमचे हात लांब, तुम्हाला काय कळणार. मनुबाई तेव्हा पन्नाशीत होती. तिला खुंटी पोचत होती, पण अलीकडे टाचा उचलाव्या लागत होत्या, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. शेवटी तिनेच अर्ज लिहून घेतला. ‘दुरुस्तीच्या वेळी खुंट्या पूर्वीपेक्षा उंच बसवल्या असून त्या पूर्वीच्या जागी आणाव्यात.’ खाली तेरा अंगठे. तेरावा मनुबाईचा.

अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीनंतर गुरुदत्त नावाचा ओव्हरसियर पाहणीला आला. तिशीचा माणूस, हातात गुंडाळलेला जुना नकाशा आणि लोखंडी टेप. त्याने बायांचं सगळं ऐकून घेतलं. मग एका खुंटीभोवतीचा चुना किल्लीच्या टोकाने खरवडला. आतून दुसरा चुना निघाला, त्याच्या आतून निळा, त्याच्या आतून पिवळा. खुंटी पहिल्या थरापासून तिथेच होती. तिला कुणी हात लावला नव्हता.

त्याने नकाशा ओट्यावर उलगडला. “हे बघा मावशी. जुन्या नकाशात जमिनीपासून खुंटी सहा फूट. आता मोजू.” त्याने टेप लावली. “पाच फूट साडेदहा इंच. नवी फरशी जुनीवर बसवलेली, म्हणून जमीन दीड इंच वर आलेली आहे. म्हणजे खुंटी वर नाही गेलेली. उलट खाली आलीय तुमच्याकडे.”

“टेप चुकली आसंल तुमची,” जनी म्हणाली.

“टेप सरकारी आहे.”

“मंग तर चुकलीच.”

बाया हसल्या. गुरुदत्तही हसला. मनुबाई हसली नाही. ती त्या खरवडलेल्या भोकाकडे बघत होती. निळा, पिवळा. निळा रंग तिच्या सासूच्या वेळचा, तो तिला आठवत होता. त्या निळ्या भिंतीच्या दिवसांत हीच जनी याच खुंटीला पाटी लावताना मान वळवून मागच्या गिऱ्हाइकाशी भांडायची, हात आपोआप वर जायचा.

“सायेब,” ती म्हणाली, “खुंटी जर दीड इंच खाली आली, तर मंग आमचे हात कुटं गेले?”

गुरुदत्त टेप गुंडाळत होता. तो थांबला. “ते माझं काम नाही मावशी,” तो म्हणाला. “ते दवाखान्यात विचारा.”

दुसऱ्याने असं उत्तर दिलं असतं तर मनुबाईने त्याची सात पिढ्यांपर्यंत विचारपूस केली असती. पण हा माणूस टिंगल करीत नव्हता. त्याला खरोखरच माहीत नव्हतं. तिने ते ध्यानात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी धंदा आटोपून ती पालिकेच्या दवाखान्यात गेली.

दवाखान्यात सुमती नावाची डॉक्टरीण होती. बोलायला हळू, चष्म्यावरून बघणारी. बाळंतपणं आणि लहान मुलांच्या लशी यांतून तिला डोकं वर काढायला वेळ नसे. मनुबाईने खुंटीची हकीकत सांगितली तेव्हा तिने पेन खाली ठेवलं.

“पाठीला पोक आलंय का त्यांच्या?”

“आलेलंच हाय. म्हातारपण म्हटल्यावर पोक येनारच.”

“सगळ्यांना येतं असं नाही,” सुमतीबाई म्हणाल्या. “बाईचं विटाळशी होणं बंद झालं की पुढे हाडं आतून विरळ व्हायला लागतात. बाहेरून काही दिसत नाही. तुमच्या त्या खेकड्याला नाही का, बाहेरून कवच तसंच असतं, पण हातात घेतलं की कळतं, हलका आहे. तसं. मग पाठीचे मणके आपल्याच भाराने दबतात. माणूस खुजा होतो. आणि एखाद दिवशी साधा पाय घसरतो, आणि खुबा मोडतो.”

पोकळ खेकडा गिऱ्हाइकाच्या गळ्यात कसा घालतात, हे मनुबाईला चांगलं ठाऊक होतं.

“औषध हाय?”

“गेलेलं सगळं परत येत नाही. पण पुढचं जाणं सावकाश करता येतं. चुन्याच्या, म्हणजे कॅल्शियमच्या गोळ्या, दूध, नाचणी. तुमच्याकडची ती बारीक मासळी, काट्यासकट खाता ती.”

“ती आमी इकतो बाय. खाताना काय उरंल ते.”

“आणि दूध?”

“दूध पोरांना. आमी कोरा चा पितो.”

सुमतीबाईंनी मान हलवली. मनुबाईने विचारलं, मग दवाखान्यात बायांना बोलावून तपासत का नाही, गोळ्या का देत नाही? सुमतीबाई म्हणाल्या, दवाखान्यात गोळ्या येतात त्या गरोदर बायांच्या नावाने येतात. म्हाताऱ्या बायांच्या हाडांसाठी कुठल्या कागदात ओळच नाही. “वर लिहायचं तर मला आकडे लागतील. किती बाया, किती वर्षांत किती खुज्या झाल्या, किती पडल्या. तसं कुणी मोजलेलं नाही.”

“कोन मोजनार?”

“तेच तर,” सुमतीबाई म्हणाल्या आणि पुढच्या बाळाला आत बोलावलं.

मनुबाईला लिहिता येत नव्हतं. पण मापाला अक्षर लागत नाही, हे कोळणीला सांगावं लागत नाही. जाळ्याचा डोळा बोटांनी मोजतात, पाण्याची खोली दोरीला गाठी मारून मोजतात. पुढच्या नारळी पुनवेला, एकोणनव्वद साली, बंदरावर नारळ सोडून बाया परतल्या तेव्हा मनुबाईने त्यांना बाजाराच्या खांबापाशी उभं केलं. त्या दिवशी सगळ्या मोकळ्या असतात आणि सगळ्यांच्या अंगावर चांगलं लुगडं असतं. कुणी नाही म्हणत नाही. गोमाजीने जाळ्याच्या नायलॉनच्या सुताचे तुकडे कापून आणले होते. एकेकीने टाचेखाली सुताचं टोक धरायचं, हात वर करायचा, आणि बोटांची टोकं जिथे पोचतील तिथे मनुबाई गाठ मारणार. प्रत्येकीची दोरी वेगळी. ओळख पटावी म्हणून कुणाच्या टोकाला शिंपला, कुणाच्या फुटका मणी, कुणाच्या बांगडीचा तुकडा.

तिने एक शहाणपणा केला. म्हाताऱ्यांबरोबर तीन तरण्या सुनांच्याही दोऱ्या केल्या. का, ते तेव्हा तिला नीट सांगता आलं नसतं. जाळं विकत घेताना एक जुना डोळा आणि एक नवा डोळा शेजारी धरून बघतात, तेवढंच तिच्या मनात होतं.

तिच्या स्वतःच्या दोरीची गाठ गोमाजीने मारली. आपलं माप आपल्याला घेता येत नाही.

जनीने मात्र साफ नकार दिला. “माझे नावाची गाठ मारशील तं तुझे घरचं पानी पिनार नाय.”

“अगो, दोरीच हाय. फास नाय.”

“आज दोरी. उद्या कागद. परवा सायेब बोलनार, म्हातारी झाली, हाडं गेली, सोड ओटा. मना शिकवू नको.”

जनीच्या बोलण्यात तथ्य होतं. परवान्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं: ओटा परवानाधारकाने स्वतः चालवावा, सलग तीन महिने बंद राहिल्यास परवाना रद्द होऊन ओटा दुसऱ्यास देण्यात येईल. कोळणीकडे शेत नाही, पेन्शन नाही. ओटा आहे तोवर ती घरात आपल्या पायावर उभी असते. ओटा गेला की सुनेच्या ताटाकडे बघायचं. म्हणून दुखणं दडवायचं, कंबरेला पदर आवळायचा आणि बसायचं. दवाखान्यात जायचं नाही, कारण तिथे नोंद होते.

मनुबाईला हे कळत नव्हतं असं नाही. आपण बायांना उजेडात आणतोय आणि उजेडातच त्यांचे ओटे जातील, ही भीती तिच्याही पोटात होती. पण ती म्हणायची, दडवून पोक सरळ होत नाही.

एक्क्याण्णवच्या पावसाळ्यात जनी पडली. फार काही झालं नव्हतं. बाजाराच्या दारातली एक पायरी, ओली, रोजची. पाय घसरला आणि ती बाजूवर बसली, बसल्यासारखीच. पण उठता येईना. ठाण्याला नेलं, तिथे खुबा मोडल्याचं निघालं. वजन लावून पाय बांधला आणि तीन महिने खाटेवर ठेवलं. मनुबाई रोज दुपारी आठव्या ओट्यामागे जनीची पाटी खुंटीला लावायची. मयत नसताना पाटी लावायची नाही, हे तिला माहीत होतं. लावली तरीही.

नव्वद दिवस झाले. नोटीस आली, तिच्यावर सही झाली, आणि नियमाप्रमाणे ओटा दुसऱ्या बाईला मिळाला. त्यात कुणाचा कावा नव्हता. ज्या कारकुनाने नोटीस आणली त्याला जनीच्या घरी चहा मिळाला आणि तो मान खाली घालून प्यायला.

जनी घरी आली ती दाराशी गोधडीवर पडून असे. सुकट निवडून द्यायची. एकदा मनुबाई गेली तेव्हा ती म्हणाली, “आण तुझी दोरी.”

“आता?”

“आता काय ओटा घेनार माझा?”

मनुबाईने निजलेल्या जनीच्या टाचेला दोरीचं टोक लावलं. जनीने हात डोक्यावरून मागे नेला. मनुबाईने गाठ मारली आणि लाल कापडाची चिंधी अडकवली. हाड मोडलं की चिंधी, असं तिने ठरवलं होतं. तेवीस दोऱ्यांमधली ती एकच दोरी एका गाठीची. पुढच्या उन्हाळ्यात जनी गेली.

त्या दिवसापासून मनुबाईचं मागणं बदललं. आधी ती म्हणायची, गोळ्या द्या. आता ती म्हणायची, आधी ओटा राखा. ओटा राहणार असेल तर बाई दवाखान्यात येईल. बाई आली तर गोळी तिच्या तोंडात जाईल. सुमतीबाईंनी हे ऐकलं आणि कोरा कागद पुढे ओढला. “मी पाच वर्षं कागदावर गोळ्याच लिहीत बसले असते,” त्या म्हणाल्या. अर्ज त्यांनी लिहिला, मागणी मनुबाईने सांगितली. पन्नाशीवरच्या बायांसाठी आठवड्यातून एक दिवस हाडांची तपासणी. चुन्याच्या गोळ्या. बाजाराच्या पायरीला कठडा. आणि हाड मोडलेल्या बाईचा ओटा डॉक्टरच्या दाखल्यावर एक वर्ष तिच्याच नावाने.

अर्ज गेले. उत्तरं आली. तेव्हा पालिकेवर प्रशासक होता, आणि प्रत्येक उत्तरात लिहिलेलं असे की अशी तरतूद नाही. मनुबाई ती उत्तरं सुमतीबाईंकडून वाचून घ्यायची आणि म्हणायची, “तरतूद नाय म्हणून तर मागतंव. आसती तं कशाला आले आसते?” दर नारळी पुनवेला ती खांबापाशी दोऱ्या घेऊन बसायची. दर वर्षी म्हाताऱ्यांच्या गाठी खाली येत होत्या, कुणाची बोटभर, कुणाची अर्धं बोट. चिंध्या एकाच्या सहा झाल्या.

तिची स्वतःची दोरी मात्र चांगली होती. गोमाजी दर वर्षी गाठ मारून म्हणायचा, “हाय तितंच हाय.” मनुबाईला त्याचा अभिमान वाटे. खुंटीला पाटी लावायला आता ती बर्फाच्या पेटीवर चढत होती, पण ती म्हणे ते गुडघ्यांमुळे, टाचा उचलता येत नाहीत म्हणून. दोरी कशाला खोटं बोलेल?

पंच्याण्णव साली निवडणूक झाली, नगरसेवक आले. त्या वॉर्डातून कुंडलिक नावाचा सिमेंट-लोखंडाचा व्यापारी निवडून आला आणि आरोग्याच्या समितीवर बसला. माणूस वाईट नव्हता, पण सौदा केल्याशिवाय त्याला कुठलीही गोष्ट खरी वाटत नसे. मनुबाईने त्याला बाजारात गाठलं, दोन पापलेटं स्वस्तात दिली आणि समितीपुढे बोलायला दहा मिनिटं मागून घेतली.

शहाण्णवच्या सप्टेंबरात, नारळी पुनवेनंतर तिसऱ्या आठवड्यात, ती सभा झाली. लांब टेबल, त्याच्याभोवती नऊ माणसं, पंखा. एका खुर्चीवर सुमतीबाई, दाराजवळ नकाशे घेऊन गुरुदत्त. मनुबाई हिरवं लुगडं नेसून आली होती. गोमाजीला तिने बरोबर चल म्हटलं होतं, तो जाळ्याचं काम आहे म्हणाला होता.

तिने पिशवीतून दोऱ्या काढल्या आणि टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या. मच्छीचा वाटा लावावा तशा, कडा जुळवून.

“हे काय?” कुंडलिकने विचारलं.

“बाया हायत.”

तिने एकेक दोरी दाखवली. ही बांगडीवाली, पहिली गाठ इथं, आठवी इथं. ही शिंपल्याची, हिला दोन चिंध्या, मनगट आणि खुबा. ही एका गाठीची, जनी. टेबलाभोवतीची माणसं आधी खुर्चीत मागे टेकून होती, मग हळूहळू पुढे वाकली. एकाने बोट लावून गाठी मोजल्या.

कुंडलिक धंद्याचा माणूस. तो म्हणाला, “मावशी, दोरी आहे. ओली होते, ताणली जाते. दोरीच लांबली असेल. मग नवी गाठ खाली येणारच.”

“दोरी लांबली तं सगळ्यांचीच लांबंल, सायेब. आनि ही बघा.” तिने सुनांच्या तीन दोऱ्या पुढे सरकवल्या. त्यांच्या गाठी एकावर एक बसून बोराएवढा गोळा झाला होता. “येकाच बंडलाचं सूत. येकाच खांबाजवळ मोजल्यान. तरन्या पोरींची दोरी लांबत नाय, म्हातारीची लांबते. आसं कंचं सूत हाय, तुमचे दुकानात मिळंल?”

टेबलाभोवती हसू फुटलं. कुंडलिकही हसला, पण सौदा अजून संपला नव्हता. त्याने शेवटची दोरी उचलली. टोकाला पितळी कडी, आणि गाठींचा गोळा तरण्यांसारखाच.

“ही कोणाची?”

“माझी.”

“तुमचं वय काय?”

“साठीला आले.”

“मग बघा. साठीची बाई आणि जशीच्या तशी. म्हणजे सगळ्याच म्हाताऱ्यांना होत नाही. ज्या खात-पीत नाहीत त्यांना होतं. त्याला पालिका काय करणार?”

सुमतीबाई खुर्चीवरून उठल्या. त्यांनी मनुबाईच्या पाठीकडे बघितलं, मग दोरीकडे. “मनुबाई, एकदा उभ्या राहता?”

दोरीचं टोक टाचेखाली धरून ती भिंतीशी उभी राहिली आणि हात वर केला. सुमतीबाईंनी दोरी ताणून धरली. गाठींचा गोळा बोटांच्या वर राहिला. मनुबाईने हात आणखी ताणला. गोळा चार बोटं वरच. तिने मान वर करून पाहिलं.

“कोणी मारल्या या गाठी?” कुंडलिकने विचारलं. आवाज आता सौद्याचा नव्हता.

“नवऱ्यानं,” मनुबाई म्हणाली. तिने हात खाली घेतला, दोरी सोडवून टेबलावर बाकीच्यांच्या शेजारी ठेवली. मग म्हणाली, “मना पन धरा त्यांच्यात. डाव्या रांगेतला सातवा ओटा. लिहून घ्या.”

जे दडवलं तर ओटा राहतो, ते तिने नऊ माणसांसमोर नोंदवून दिलं होतं. गुरुदत्त दाराशी उभा होता, त्याने नकाशाची गुंडाळी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

घरी गोमाजी ओसरीवर जाळं मांडीवर घेऊन बसला होता. ती त्याच्यासमोर उभी राहिली.

“खोटी गाठ का मारलीस?”

तो सुई चालवत राहिला. दोन डोळे विणून झाल्यावर म्हणाला, “तू रोज पेटीवर चढून खुंटीला हात लावतेस. बाजारातून जाताना दिसतं मना.”

“मंग?”

“मंग काय. बघवलं नाय.”

“आठ वरसं?”

“पयले वरसी खरी मारलेली.”

मनुबाई आत गेली आणि चहा ठेवला. त्या दिवशी तिने दोघांच्याही चहात दूध घातलं. गोमाजीने कप हातात घेऊन पाहिलं आणि सगळा संपवला.

ठराव व्हायला आणखी पाच महिने गेले. मागितलेलं सगळं मिळालं नाही. तपासणीतला क्ष-किरणाचा खर्च वगळला गेला. गोळ्या आल्या, पण वर्षातले नऊ महिनेच पुरतील इतक्या. गुरुवारी दुपारी हाडांची तपासणी सुरू झाली, पायरीला कठडा बसला. आणि एक ओळ शब्दशः राहिली: हाड मोडल्याचा वैद्यकीय दाखला असल्यास ओटा एक वर्षापर्यंत परवानाधारकाच्या नावे राखून ठेवण्यात यावा. ती ओळ कुंडलिकने स्वतः उभं राहून वाचली, असं सुमतीबाईंनी सांगितलं. पहिल्या गुरुवारी दवाखान्यात चार बाया आल्या. तिसऱ्या गुरुवारी एकोणीस.

गुरुदत्तने एक काम ठरावात नसताना केलं. प्रत्येक ओट्यामागे जुन्या खुंटीच्या खाली, वीतभर अंतरावर, दुसरी खुंटी मारली. बायांचा अठ्ठ्याऐंशीचा अर्ज आपण निकाली काढला नव्हता, एवढंच तो म्हणाला.

मनुबाई खालच्या खुंटीला पाटी लावायला तयार नव्हती. ती पेटीवर चढून वरच्याच खुंटीला लावायची. सत्त्याण्णवच्या मे महिन्यात त्या पेटीवरूनच ती पडली. डावा खुबा. मुंबईच्या सरकारी दवाखान्यात नेऊन आत लोखंड घातलं.

ओटा रिकामा राहिला. दाखला गुरुवारच्या फायलीत होता. तीन महिने झाले, नोटीस आली नाही. सहा झाले. बाजारात बसायला जागा मिळत नव्हती, बाया दाराबाहेर फुटपाथवर बसत होत्या, आणि डाव्या रांगेतला सातवा ओटा भर सकाळी मोकळा. नवं गिऱ्हाईक तिथे पिशवी टेकवायला जायचं, तर शेजारची बाई म्हणायची, “तितं नको ठेवू, दादा. बाय येनार हाय.” रोज कुणीतरी ओट्यावर पाणी मारायचं. पाटी मात्र कुणी खुंटीला लावली नाही. ती धुऊन, उपडी करून, ओट्यावरच ठेवलेली असायची.

नवव्या महिन्यात मनुबाई काठी टेकत बाजाराच्या दारात आली. गोमाजी मागे होता, हात न लावता. तिने कठडा धरला, एक पायरी चढली. ओट्यावर बसून तिने अर्धी पाटी मांदेली विकली. एका गिऱ्हाइकाला काट्यासकट कशी खायची ते सांगितलं आणि त्याने नको म्हटल्यावर त्याच्या दातांची चौकशी केली.

दुपारी तिने पाटी धुतली. पेटी कुणीतरी कधीच हलवली होती. ती भिंतीकडे वळली, वरच्या खुंटीकडे एकदा बघितलं, आणि पाटी खालच्या खुंटीला लावली. मग काठी घेतली, आणि आठव्या ओट्यावरच्या बाईला उद्या बर्फ जास्त घे म्हणून सांगून ती घराकडे निघाली.